दिवस सहा तासांचा



साताऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. आठवीच्या वर्गात दर वर्षी एक तास ठरलेला असायचा. फळ्यावर मोठं वर्तुळ काढायचं, साडेतेवीस अंशांत कललेला अक्ष काढायचा, बाजूला पिवळ्या खडूनं सूर्य काढायचा आणि सांगायचं, "मुलींनो, डिसेंबरात उत्तर ध्रुव सूर्याकडं पाठ करून असतो. म्हणून जसजसं उत्तरेला जावं तसतसा दिवस लहान होत जातो." मग एखादी तरी मुलगी हात वर करून विचारायचीच, "बाई, मग तिथली माणसं एवढ्या अंधारात करतात काय?" माझं उत्तर ठरलेलं होतं. "दिवे लावतात." वर्ग हसायचा आणि आम्ही पुढच्या धड्याकडं वळायचो.

खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. जे कधी पाहिलं नाही ते मी ३१ वर्षं शिकवत होते. डिसेंबर २०२३मध्ये आम्ही दोघं, मी आणि आमचे हे, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी आणि टॅलिन या चार शहरांत मिळून सतरा दिवस हिंडून आलो. त्या सतरा दिवसांबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

हिवाळ्यात तिकडं जाणार म्हटल्यावर घरात एकच गिल्ला झाला. जाऊबाई म्हणाल्या, "लोक उन्हाळ्यात जातात, तुम्ही काय बर्फात गाडून घ्यायला चाललात?" माझी भाची स्टॉकहोमला असते, नोव्हेंबर-डिसेंबरात तिकिटं स्वस्त मिळतात, अशी कारणं मी देत राहिले. ती खोटी नव्हती. पण मुख्य कारण वेगळं होतं. २०२१मध्ये चष्म्याचा नंबर काढायला म्हणून गेलेल्या ह्यांना डॉक्टरांनी दोन तास बसवून ठेवलं आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचं सांगितलं. हे पाटबंधारे खात्यात होते. उभा जन्म कालव्याच्या कडेनं चालण्यात आणि दुर्बिणीतून पातळी घेण्यात गेला. नजर हीच त्यांची मिळकत.

काचबिंदूत काय होतं, ते थोडक्यात सांगते. डोळ्यातल्या दाबानं मेंदूकडं जाणारी नस हळूहळू सुकते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचं नीट दिसत राहतं, आणि नजरेच्या कडा तेवढ्या एकेक करून विझत जातात. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालून उरलेली राखायची, एवढंच हाती असतं. "बघायचं ते बघून घ्या," असं डॉक्टर आम्हाला म्हणाले नाहीत. पण त्यांच्या केबिनमधून बाहेर पडताना आम्हा दोघांनाही ते ऐकू आलं होतं.

हे म्हणाले, "तुला कुठं जायचंय ते तू ठरव." मी माझा फळा निवडला. आणि इथंच माझी चूक झाली. काचबिंदूच्या माणसाला कमी उजेडात सगळ्यात जास्त त्रास होतो. जिथं अठरा तास अंधार असतो, अशा ठिकाणी मी त्यांना घेऊन चालले होते. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. थेंबांची वेळ चुकवू नका आणि अंधारात जपून चाला, एवढंच ते म्हणाले. मीही अधिक खोलात गेले नाही. जायची हौस माणसाला फार प्रश्न विचारू देत नाही.

तयारीचं फार सांगत बसत नाही. चारही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो, त्यासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. कपडे तीन थरांचे : अंगालगत लोकरीचं, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारा कोट. ह्यांच्या थेंबांची बाटली कोटाच्या आतल्या खिशात, गोठू नये म्हणून. सातारच्या बाजारात माकडटोपी घेतली, ती तिथं एकदाही घातली नाही. भाचीनं ती पाहताच, "काका, ही नको हं," असं हात जोडून सांगितलं.

पहिला मुक्काम कोपनहेगनला. दुपारी बाराला हॉटेलबाहेर पडलो, तर ऊन होतं, पण संध्याकाळचं वाटावं असं. सूर्य समोरच्या घरांच्या छपराला टेकलेला. तिथं डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अकरा-बारा अंशांपलीकडं चढतच नाही. आपल्याकडं साताऱ्यात त्याच दिवसांत तो ४९ अंशांवर असतो, भर दुपारची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूडच पडते. मी छत्री जमिनीवर उभी धरली आणि ह्यांनी पावलांनी सावली मोजली. छत्रीच्या जवळजवळ पाचपट भरली. रस्त्यानं जाणारी माणसं आमच्याकडं बघून हसत होती. आम्हाला मात्र फार आनंद झाला होता. फळ्यावरचा कोन रस्त्यावर पडलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळला आणि शहर उजळलं. न्यूहावनच्या कालव्याकाठची जुनी रंगीत घरं, त्यांचे दिवे पाण्यात. १८४३पासून चालू असलेली टिवोलीची बाग नाताळासाठी दिव्यांनी भरून गेलेली. पण मला जास्त आवडले ते साधे दिवे. दर दुकानाच्या दारात, दर कॅफेच्या टेबलावर पेटलेली मेणबत्ती. दिवसाढवळ्यासुद्धा! त्यांच्याकडं 'ह्युगे' असा एक शब्द आहे. बाहेर वारा-पाऊस असताना घरात चार आपली माणसं, गरम काही प्यायला आणि मंद उजेड, असं जे काही असतं त्याला ते हा शब्द वापरतात. आपल्याकडं पावसाळ्यात दिवे गेल्यावर कंदिलाभोवती बसून भजी खायचो, तसंच काहीसं. फरक एवढाच की, ते दिवे जायची वाट पाहत नाहीत.

इथं रुंडेटार्न म्हणून एक गोल बुरूज आहे. राजा चौथा ख्रिश्चन यानं ताऱ्यांच्या वेधासाठी तो बांधवला, १६४२मध्ये पूर्ण झाला. त्याला पायऱ्या जवळजवळ नाहीतच. आतून २०९ मीटर लांबीची उतरती वाट गोल गोल वर जाते. रशियाचा पीटर द ग्रेट १७१६ साली त्यावरून घोड्यावर बसून वर गेला, असं सांगतात. हेही छान चढले. फक्त उजवा हात सारखा भिंतीला लावून चालत होते. मला वाटलं, चुन्याचं काम तपासतायत. सगळ्यात वर थोड्या अरुंद पायऱ्या आहेत, तिथं मात्र थांबले. "गुडघा धरलाय, तू जाऊन ये." मी जाऊन आले.

त्याच संध्याकाळी रस्ता ओलांडताना डावीकडून सायकल आली. कोपनहेगनात सायकलींना स्वतंत्र रस्ता असतो आणि त्यावरून माणसं वाऱ्यासारखी जातात. घंटी वाजली, करकचून ब्रेक लागला, बाई काहीतरी बोलून पुढं गेली. "अहो, लक्ष कुठं असतं तुमचं?" मी भर रस्त्यात ओरडले. हे म्हणाले, "दिसली नाही गं." डोळ्यांच्या आजाराच्या माणसानं इतकं सरळ सांगावं आणि बायकोनं ते बेफिकिरी समजावं! मी तेच समजले.

कोपनहेगनहून स्टॉकहोमला आम्ही आगगाडीनं गेलो. वाटेत ओरेसुंड लागतो. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या या समुद्रात आधी बोगदा, मग माणसानं भराव घालून केलेलं बेट आणि मग जवळपास आठ किलोमीटरचा पूल आहे. २०००मध्ये तो सुरू झाला. बोगदा का, तर विमानतळ जवळ आहे आणि जहाजांनाही वाट मोकळी हवी. ह्यांनी ही सगळी माहिती आधीच वाचून ठेवली होती. खिडकीला नाक लावून बसले. त्यानंतर पाच तास झाडं, बर्फ, गोठलेली तळी आणि पुन्हा झाडं.

भाची स्टॉकहोमच्या ज्या उपनगरात राहते, त्याचं नाव लिहितात 'किस्ता', म्हणतात 'शिस्ता'. संगणकाच्या कंपन्यांमुळं तिथं भारतीय बरेच. तिच्या इमारतीत कांदेपोह्यांचा वास आला तेव्हा मला भरून आलं. स्टॉकहोमला पावणेतीन वाजून गेले की सूर्यास्त. २१ डिसेंबरला दिवस भरतो सहा तासांचा, साताऱ्यात तो अकरा तासांचा असतो. बरोबर एका शाळेच्या वेळेएवढा दिवस! त्यातही ढग असले तर उजेड नावालाच.

संध्याकाळी भाचीच्या गॅलरीतून पाहिलं, तर समोरच्या इमारतीच्या दर खिडकीत दिवा. काही ठिकाणी कागदाची मोठी चांदणी, अगदी आपल्या आकाशकंदिलासारखी. काही ठिकाणी त्रिकोणात उतरत जाणारे सात छोटे विजेचे दिवे. पडदे सगळे उघडे. मी विचारलं, "अगं, हे घरातल्या उजेडासाठी लावतात की बाहेरच्यांसाठी?" ती म्हणाली, "मावशी, घरात बसून तो दिसतही नाही नीट. तोंड बाहेर असतं त्याचं." मला हे उत्तर फार दिवस पुरलं.

दुसऱ्या दिवशी वासा जहाजाचं संग्रहालय पाहायला गेलो. ह्या जहाजाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याला मोठी युद्धनौका हवी होती. ६९ मीटर लांब, ६४ तोफांची. १० ऑगस्ट १६२८ला तिनं पहिल्यांदा शिडं उभारली, सुमारे १३०० मीटर गेली आणि वाऱ्याच्या एका झोताबरोबर कलंडून शहराच्या डोळ्यांदेखत बुडाली. वरचा भार जास्त, तळातलं वजन कमी. ३३३ वर्षं ती तळाशी पडून होती, १९६१ साली वर काढली. लाकूड जवळजवळ सगळं मूळचं आहे. यातलं कारण पुन्हा भूगोलाचं. बाल्टिक समुद्राला नद्यांचं गोडं पाणी खूप मिळतं आणि महासागराशी त्याची वाट अरुंद, म्हणून तो फार कमी खारट. लाकूड पोखरणारा सागरी जीव, ज्यानं इतर समुद्रांतली जहाजं खाऊन टाकली, तो या पाण्यात जगत नाही.

त्या लाकडाला जपण्यासाठी संग्रहालयात उजेड अगदी मंद ठेवतात. आत शिरल्यावर माझेच डोळे सरावायला वेळ लागला. मी पुढं झाले, मागं वळले, तर हे खाली बसलेले. एक पायरी चुकली होती. लागलं फारसं नव्हतं. रखवालदार धावत आला, पाणी दिलं. मग आम्ही बाकावर बसलो, समोर ते काळं अवाढव्य जहाज. हे मान डावीकडून उजवीकडं हळूहळू फिरवत होते. एखादं लांबलचक पत्र वाचावं तसे. पुन्हा डावीकडून सुरुवात.

मी विचारलं, "असं काय बघताय?"

जरा वेळानं म्हणाले, "मला एका वेळी खिडकीएवढंच दिसतं. जोडून जोडून बघतोय."

मग एकेक बाहेर आलं. बुरुजावरचा गुडघा धडधाकट होता. तिथल्या अरुंद पायऱ्या दिसत नव्हत्या. हात भिंतीला चुन्यासाठी लावलेला नव्हता. सप्टेंबरमध्ये केलेल्या फील्डच्या तपासणीत डावा डोळा बराच पुढं गेल्याचं आलं होतं. ती तपासणी म्हणजे एका यंत्रात तोंड घालून बसायचं आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. त्याचा रिपोर्ट घरी, पाटबंधाऱ्याच्या जुन्या नकाशांच्या खणात ठेवून दिला होता. "तुला दाखवला असता तर तू प्रवास रद्द केला असतास."

मी संतापले. त्या मंद उजेडात, परक्या देशात, दबक्या आवाजात जेवढं भांडता येतं तेवढं भांडले. पडला असता, हाड मोडलं असतं, सायकलखाली आला असता. हे ऐकून घेत होते. मग जहाजाकडं बोट दाखवून म्हणाले, "तो फलक वाच." मी वाचला आहे, म्हणाले. "पुन्हा वाच."

त्यात असं होतं, की वासा निघण्यापूर्वी तिची चाचणी झाली होती. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डोलायला लागलं, की चाचणीच थांबवली. तिथं नौदलाचा मोठा अधिकारी हजर होता. म्हणजे कळलं होतं सगळ्यांना. पण राजा लांब युद्धावर, त्याला जहाजाची घाई आणि त्याला सांगणार कोण? चाचणीचा निकाल तसाच ठेवून दिला आणि शिडं उभारली. पुढं चौकशी झाली, दोषी कुणीच ठरलं नाही.

"माझं तेच झालं," हे म्हणाले. "पण एक सांग, राजाला वाईट बातमी सांगता येत नव्हती, ती राजामुळंच ना?"

यावर मला काही बोलता आलं नाही. काचबिंदू कळल्यापासून मी घरात काय केलं होतं, ते आठवत राहिलं. त्यांची स्कूटर विकून टाकली होती. संध्याकाळचं फिरणं बंद केलं होतं. भाजी आणायला जातो म्हटलं तरी मीच पिशवी उचलायची. शाळेतल्या बाईंनी घरातही हजेरी घ्यायला सुरुवात केली होती. अशा घरात कोण आपणहून रिपोर्ट दाखवील?

त्या रात्री आम्ही फारसं बोललो नाही. भाचीच्या लक्षात आलं. सकाळी ती म्हणाली, "काका, आज मी सुट्टी घेते. तुम्हाला इथले सिग्नल दाखवते."

स्टॉकहोमच्या रस्त्यांवर पादचाऱ्यांसाठी जे सिग्नल असतात, त्यांच्या खांबावर एक छोटी पेटी असते. लाल दिवा असेल तर ती सावकाश टक्... टक्... करते, हिरवा झाला की घाईघाईनं टकटकटक. मी दोन दिवस तो आवाज ऐकत होते आणि यंत्रात बिघाड असेल म्हणून सोडून देत होते! ह्यांनी पेटीला हात लावला. कडेला उठावदार खुणा लागल्या. भाचीनं सांगितलं, की तो समोरच्या रस्त्याचा नकाशा आहे. किती लेन ओलांडायच्या, मध्ये थांबायला जागा आहे का, हे बोटांनी वाचायचं. नकाशे वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस! हातमोजा काढून, उणे सात तापमानात, ते पाच मिनिटं त्या पेटीवर बोट फिरवत उभे होते. त्या दिवशी आम्ही जवळजवळ प्रत्येक चौकात थांबलो. त्यांनी डोळे मिटायचे, पेटी वाचायची, टकटक ऐकायची आणि माझा कोपर धरून रस्ता ओलांडायचा.

कोपर धरायचीही रीत असते, ती तेव्हा कळली. मी आजवर त्यांचा दंड पकडून त्यांना पुढं ढकलत होते, म्हशीला गोठ्यात न्यावं तसं. खरं म्हणजे त्यांनी माझा कोपर धरायचा आणि अर्धं पाऊल मागं राहायचं. मी पायरी उतरले, की माझ्या हातावरून त्यांना आपोआप कळतं. बोलावंही लागत नाही. जमिनीखालच्या रेल्वेच्या स्टेशनात एक उंच बाई पांढरी काठी घेऊन एकटीच जिना उतरताना दिसली. चालण्यात संकोच नव्हता, घाईही नव्हती. फलाटावरच्या उंचवट्यांवरून काठी फिरवत ती दारापाशी उभी राहिली, गाडी आली, चढली. कुणी चुकचुकलं नाही. साताऱ्यात डॉक्टरांनी काठीचं नाव काढलं तेव्हा हे उठून बाहेर गेले होते. त्या बाईकडं मात्र गाडी जाईपर्यंत बघत राहिले.

१३ डिसेंबर हा तिथं संत लुसियाचा दिवस. जुन्या कालगणनेत ही वर्षातली सगळ्यात मोठी रात्र समजली जाई. त्या दिवशी घराघरांत, शाळांत, चर्चमध्ये मुली पांढरे झगे घालून मेणबत्त्या घेऊन गात येतात. पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट असतो, कमरेला लाल फीत. केशर घातलेले, इंग्रजी एस अक्षरासारखे वळवलेले पाव खातात, त्यांवर दोन मनुका. केशराचा वास आला की मला आपली कोजागरी आठवली.

भाची आम्हाला एका चर्चमध्ये घेऊन गेली. सगळे दिवे मालवले. गर्द अंधार. मला वाटलं, आता ह्यांना काहीच दिसणार नाही, उगाच आणलं. मग लांबून, मागच्या दारातून गाणं यायला लागलं. आधी नुसता आवाज, मग जवळ. हे कुजबुजले, "मधली वाट आपल्या उजव्या हाताला आहे ना?" त्यांनी मान तिकडं वळवून ठेवली. मुली आमच्याशेजारून गेल्या. मी सगळी रांग पाहिली. चाळीसएक तरी मुली असतील. नंतर बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय दिसलं?" म्हणाले, "एकेक ज्योत. एक गेली की दुसरी. मध्ये काही नाही. मोजल्या मी, सत्तेचाळीस." मी रांग पाहिली होती, पण मोजली नव्हती.

स्टॉकहोमहून हेलसिंकीला रात्रीची बोट जाते. संध्याकाळी निघते, हजारो बेटांमधून वाट काढत सकाळी पोचते. आपलं कोकणचं जुनं बोटीचं प्रस्थान ज्यांना आठवत असेल, त्यांना धक्क्यावरची धांदल ओळखीची वाटेल. बाकी बोट म्हणजे दहा मजली हॉटेल. डेकवर वारा असा, की डोळ्यांतलं पाणी गालावर थंड होतं. बेटांवर कुठं कुठं एखादाच दिवा. हे म्हणाले, "इथं तुझ्यामाझ्यात फरक नाही. तुलाही तेवढंच दिसतंय."

हेलसिंकीला बर्फ भरपूर होता. इथं एक गंमत पाहिली. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाच्या कोटाला एक चकती लोंबत असते. फुलाची, अस्वलाची, नुसती गोल. गाडीचा दिवा पडला की ती लांबून चमकते. अंधारात चालताना अशी चकती लावावी, असं तिथला वाहतुकीचा कायदा सांगतो. मला ही कल्पना फार आवडली. आपल्याला दिसावं म्हणून दिवा असतो. आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून ही चकती. शहराच्या मध्यवर्ती भागात काही रस्त्यांखालून गरम पाण्याच्या नळ्या नेल्या आहेत, त्यामुळं तिथं बर्फ साचत नाही. इतर पदपथांवर बारीक खडी पसरतात. हे पायानं खडी चाचपून म्हणाले, "चाळून घेतलेली आहे." खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही.

हेलसिंकीत पाहायचं बरंच आहे. खडक फोडून त्यात बसवलेलं आणि वर तांब्याचा घुमट असलेलं १९६९चं टेंपेलिआउकिओ चर्च, समुद्रातला सुओमेनलिन्ना किल्ला. पण आम्ही रमलो ते ओओडी नावाच्या वाचनालयात. डिसेंबर २०१८मध्ये ते उघडलं, बरोबर संसद भवनासमोर. आत पुस्तकं आहेतच, शिवाय शिवणयंत्रं आहेत, गाणं ध्वनिमुद्रित करायच्या खोल्या आहेत. कुणीही यावं, वापरावं. वरचा मजला म्हणजे चारी बाजूंनी काच आणि पांढरं, लाटांसारखं छत. बाहेरच्या बर्फाचा उजेडही आत येतो. ह्यांनी तिथं खुर्ची पकडली आणि दोन तास उठले नाहीत. पुस्तक फिनिश भाषेतलं, पुलांच्या चित्रांचं. "इथं कडेचंही थोडं दिसतंय," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, उजेड पुरेसा होता, एवढंच. मी त्या दिवशी घरातल्या दिव्यांची यादी केली. जिन्यात एक, मोरीत एक, देवघराच्या उंबऱ्याशी एक.

एक दिवस टॅलिनला जाऊन आलो. हेलसिंकीहून बोटीनं दोन तास. जुनं, तटबंदीचं गाव, चौकात १४०४ साली पूर्ण झालेली नगरसभेची इमारत, समोर नाताळचा बाजार. चौकातलं औषधाचं दुकान निदान १४२२पासून त्याच जागी चालू आहे. हे म्हणाले, "सहाशे वर्षं! आणि आपल्या गल्लीतला केमिस्ट दुपारी दोन ते पाच बंद." गोट्यांसारख्या दगडांचे ओले रस्ते मात्र कठीण गेले. कोपर धरून, एकेक पाऊल. त्या दिवशी मी एकदाही "जपून" म्हटलं नाही. जिभेवर दहा वेळा आलं होतं.

श्रोतेहो, परत आल्याला आता काळ लोटला. आल्या आल्या मी तो खणातला रिपोर्ट पाहिला आणि काही न बोलता फाइलला लावला. आता दर फील्डच्या तपासणीला आम्ही दोघं जातो आणि निकाल काहीही आला तरी घरी येताना चहा पितो, असं ठरलं आहे. संध्याकाळी हे फिरायला जातात. एकटे. हातात पांढरी काठी, शर्टाला हेलसिंकीची चकती. पहिल्या दिवशी मी गॅलरीत उभी राहून कोपऱ्यापर्यंत पाहत होते. ते वळले, दिसेनासे झाले. ती वीस मिनिटं मला फार जड गेली, हे कबूल करते. आपल्या रस्त्यांना टकटक करणारी पेटी नाही, पदपथ नावाला आणि त्यावर मोटरसायकली उभ्या. एकदा पडले, गुडघा खरंच फुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

आणखी एक. काचबिंदू घराण्यात चालतो. रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण हे भावाला सांगायला तयार नव्हते. उगाच घाबरवायचं कशाला, म्हणून. आल्यावर त्यांनी आपणहून फोन केला. धाकट्या दिरांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला, नजर अजून शाबूत आहे. थेंब सुरू झाले. तुम्हीही चाळिशी ओलांडली असेल, तर चष्म्याच्या नंबराबरोबर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या. वेळ फार लागत नाही.

मला आता आठवीचा वर्ग नाही. पण "बाई, ती माणसं अंधारात करतात काय?" असं कुणी विचारलंच, तर आता उत्तर जरा लांबेल. दिवे लावतात, हे खरंच. पण खिडकीतला दिवा बाहेर तोंड करून लावतात. रस्त्यावर खडी टाकतात. ज्याला दिसत नाही त्याला ऐकू येईल, हाताला लागेल, अशी सोय करून ठेवतात. आणि अंधार पडणार आहे, हे आधीच एकमेकांना सांगतात.

यंदाही डिसेंबरात आम्ही आकाशकंदील उतरवणार नाही. शेजारी विचारतात, दिवाळी संपली ना? हे सांगतात, "कोपऱ्यावरून मला घर ओळखू येतं."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)